रोगप्रतिकारक पेशींतील तंतुकणिका आणि दाहकारक रेणूंचा स्राव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातील जीवशास्त्राचे विद्यार्थी, तसेच दमा, संधिवात किंवा त्वचाविकार यांवर उपचार घेणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, हे पेशीचे ऊर्जाकेंद्र आहे एवढे शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. रोगप्रतिकारक पेशीने कोणता रेणू केव्हा, कोठे आणि किती सोडायचा, हे ठरवण्यातही तंतुकणिकेचा हात असतो, हा या पानाचा विषय आहे. ही उत्तरे माहितीसाठी असून औषध सुरू करणे किंवा बंद करणे हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच आहे.

दाहकारक रेणू म्हणजे काय आणि ते कोण सोडते?

वेताळ टेकडीवर फिरताना हाताला गांधीलमाशी डसली, की काही मिनिटांत ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकू लागते. यातला काही भाग विषाचा असतो, पण बराचसा आपल्याच पेशींनी सोडलेल्या रेणूंचा असतो. हिस्टामाइनमुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्यांतून द्रव झिरपू लागतो. टीएनएफ, इंटरल्युकिन-१ बीटा आणि इंटरल्युकिन-६ ही सायटोकाइन वर्गातील प्रथिने आजूबाजूच्या पेशींना सावध करतात आणि त्यांचे प्रमाण वाढले तर ताप आणतात. इंटरल्युकिन-८ हे रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींना त्या जागी ओढून आणते. त्वचेतल्या आणि श्वसनमार्गातल्या मास्ट पेशी, जवळजवळ प्रत्येक अवयवात वस्तीला असलेल्या मॅक्रोफेज पेशी, न्यूट्रोफिल आणि टी-पेशी हे रेणू सोडणाऱ्यांत प्रमुख आहेत. जखम भरून येण्याची सुरुवात याच दाहातून होते. तो नको तेथे पेटला किंवा वेळेवर विझला नाही, म्हणजे त्याचा आजार होतो.

पेशीला ऊर्जा तर नुसत्या साखरेच्या विघटनातूनही मिळते. मग स्रावासाठी तंतुकणिका कशाला लागते?

ऊर्जेपुरते पाहिले तर शंका रास्त आहे, कारण ऑक्सिजन न वापरता ग्लुकोज मोडूनही एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू, तयार होतो. तंतुकणिका मात्र याहून बरेच काही करते. तिच्या आतल्या पटलाच्या दोन बाजूंमध्ये सुमारे १५० ते १८० मिलिव्होल्ट इतका विद्युतदाबाचा फरक असतो, आणि पटल अवघे काही नॅनोमीटर जाडीचे असल्यामुळे तेथील विद्युतक्षेत्र अतिशय तीव्र असते. प्रोटॉनमुळे पडणाऱ्या या फरकावर एटीपीची निर्मिती चालते, हे मांडल्याबद्दल पीटर मिचेल यांना १९७८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हाच विद्युतदाब कॅल्शियमचे आयन तंतुकणिकेत खेचून घेतो, आणि स्रावाची कळ दाबली जाते ती बहुतांशी कॅल्शियमच्याच वाढीने. शिवाय क्रेब्स चक्रातले, म्हणजे तंतुकणिकेत अन्नरेणू मोडणाऱ्या अभिक्रियांच्या फेऱ्यातले, सक्सिनेटसारखे रेणू तंतुकणिकेबाहेर पडून जनुकांना चालना देतात, तिच्या बाह्य पटलावर काही संदेशवाहक प्रथिने एकत्र जमतात, आणि ती फुटली तर तिचे स्वतःचे डीएनएच धोक्याची सूचना ठरते. पुढच्या बहुतेक उत्तरांत यांपैकीच एखादे काम अधिक जवळून पाहिले आहे.

अंगावर पित्त उठते तेव्हा मास्ट पेशीत नेमके काय घडते?

मॅक्रोफेज पेशी आपली बहुतेक सायटोकाइन पाहुणे दारात आल्यावर पुरणपोळीचा घाट घालावा तशी नव्याने रांधते आणि त्यात काही तास जातात. मास्ट पेशी मात्र डब्यात भरून ठेवलेले लाडू लगेच पुढे करते. तिच्या पोटात हिस्टामाइन, विकरे आणि तयार टीएनएफ यांनी गच्च भरलेल्या शेकडो पुटिका असतात. पाऊल एर्लिख यांनी १८७८ मध्ये आपल्या प्रबंधात या पेशींचे वर्णन केले, ते रंगद्रव्य घेऊन गडद दिसणाऱ्या या पुटिकांमुळेच.

पेशीच्या पृष्ठभागावरील आयजीई प्रतिपिंडांना परागकण, कोळंबी किंवा एखादे औषध अशा ॲलर्जनचे रेणू चिकटले, की पेशीतले कॅल्शियम झपाट्याने वाढते आणि पुटिका पृष्ठभागाच्या पटलाशी एकरूप होऊन रिकाम्या होतात. २०११ मध्ये मानवी मास्ट पेशींवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या चित्रात तंतुकणिकांची भर घातली. पेशी शांत असताना तंतुकणिका केंद्रकाभोवती गोळा झालेल्या होत्या. पेशी उद्दीपित झाल्यावर त्या तेथून हलल्या आणि जेथे पुटिका रिकाम्या होत होत्या त्या कडेच्या भागात पसरल्या. तंतुकणिकांचे तुकडे पाडणारे डीआरपी-१ नावाचे प्रथिन या हालचालीसाठी लागते. ते रोखले तेव्हा तंतुकणिका जागच्या हलल्या नाहीत, आणि पुटिका रिकाम्या होणे व टीएनएफ बाहेर पडणे हे दोन्ही घटले.

या प्रयोगाचे महत्त्व मला विशेष वाटते, कारण पेशीत एकूण किती एटीपी आहे यापेक्षा तो ऐन जागेवर मिळतो का, हा प्रश्न त्याने पुढे आणला. जेथे पुटिका पटलाशी जोडली जाते, तेथेच इंधन पुरवणे आणि तेथेच कॅल्शियम शोषून घेणे ही दोन्ही कामे जवळ आलेली तंतुकणिका करू शकते.

सेट्रिझीनसारख्या हिस्टामाइनरोधक गोळीने खाज थांबते ती याच्या पुढच्या टप्प्यावर. गोळी हिस्टामाइनच्या ग्राहीवर, म्हणजे त्याचा संदेश घेणाऱ्या पेशीवरील प्रथिनावर, काम करते. मास्ट पेशीतून रेणू बाहेर पडणे थांबवणे हे तिचे मुख्य काम नव्हे.

गाजरगवतामुळे होणारा त्रासही असाच असतो का?

अर्धाच. हे तण पुण्याला चांगलेच परिचित आहे, कारण १९५०च्या दशकाच्या मध्यात भारतातील त्याच्या प्रसाराची जी पहिली ठळक नोंद झाली ती पुण्यातली होती. त्याच्या परागकणांमुळे शिंका येणे आणि नाक वाहणे हा मास्ट पेशींचा मार्ग आहे. त्याच्या संपर्काने चेहरा, मान आणि हात यांची त्वचा जाड, चरबरीत होऊन खाजते, तो त्रास मात्र मुख्यतः टी-पेशींचा असतो आणि उमटायला एक-दोन दिवस लागतात.

टी-पेशीतही तंतुकणिकांची जागा महत्त्वाची ठरते. टी-पेशी दुसऱ्या पेशीला भिडते तेथे तंतुकणिका गोळा होतात आणि आत येणारे कॅल्शियम शोषून घेतात. कॅल्शियमची वाहिनी तिच्या तोंडाशी कॅल्शियम साठले की आपोआप मिटते. तंतुकणिका ते उपसत राहिल्यामुळे ती उघडी राहते, आणि सायटोकाइनची जनुके चालू होण्याइतका वेळ संदेश टिकतो.

ऑक्सिजन उपलब्ध असताना मॅक्रोफेज पेशी साखर आंबवण्याच्या मार्गावर का जाते?

इल्या मेचनिकोव्ह यांनी १८८२ मध्ये मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून भक्षक पेशी त्याभोवती गोळा होताना पाहिल्या, तेव्हापासून मॅक्रोफेजची ओळख गिळणारी पेशी अशी आहे. जिवाणूच्या भित्तिकेतील लिपोपॉलिसॅकराइड या पेशीला जाणवले, की ती ग्लुकोज झपाट्याने मोडून लॅक्टेट बनवू लागते आणि तंतुकणिकेतील ऑक्सिजनवर चालणारी एटीपीनिर्मिती मागे पडते. ऑक्सिजन असूनही असे होण्याचा प्रकार ओटो वारबुर्ग यांनी कर्करोगाच्या पेशींत पूर्वीच नोंदवला होता.

वरवर पाहता हा उधळेपणा वाटतो, कारण एका ग्लुकोजमागे मिळणारा एटीपी या मार्गाने फारच कमी असतो. पण तंतुकणिका या काळात रिकामी बसत नाही; तिचे काम बदलते. क्रेब्स चक्र दोन ठिकाणी अडते आणि सक्सिनेट साठू लागते. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील ल्यूक ओनील यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले, की हे सक्सिनेट एचआयएफ-१ अल्फा या प्रथिनाचा नाश थांबवते, आणि ते प्रथिन इंटरल्युकिन-१ बीटाचे जनुक चालू ठेवते. पुढे असेही दिसले, की सक्सिनेट जोरात जळू लागले म्हणजे इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीच्या (तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरील, इलेक्ट्रॉन पुढे नेणाऱ्या प्रथिनसंकुलांच्या ओळीच्या) पहिल्या संकुलाकडे उलटे वाहतात आणि तेथे ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार होतात, जे दाहाला आणखी खतपाणी घालतात.

त्याच चक्रातून इटॅकोनेट नावाचा आणखी एक रेणू बनतो, आणि त्याचे काम नेमके उलट आहे. तो सक्सिनेट जाळणाऱ्या विकराला अडवतो आणि, २०१८ मध्ये दाखवल्याप्रमाणे, एनआरएफ-२ या संरक्षक प्रथिनाला मोकळे करतो, ज्यामुळे दाह आवरता येतो. एकाच अंगकात पेटवणारा आणि विझवणारा असे दोन्ही रेणू बनतात, आणि त्यांपैकी कोणता किती हे वेळेनुसार बदलते. ‘तंतुकणिका सबल केली की दाह कमी होतो’ अशी सरधोपट विधाने मला म्हणूनच खटकतात.

इंटरल्युकिन-१ बीटाचा एवढा वेगळा उल्लेख का केला जातो?

बहुतेक स्रावी प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेत तयार होऊन गॉल्जी पिंडातून बाहेर जातात. इंटरल्युकिन-६ याच रुळलेल्या वाटेने जाते. इंटरल्युकिन-१ बीटाला त्या वाटेचा परवानाच नाही, कारण त्या वाटेवर नेणारा अमिनो आम्लांचा आरंभीचा संकेत त्याच्यात नसतो. ते पेशीद्रवातच लांब, निष्क्रिय स्वरूपात पडून राहते आणि त्याला बाहेर काढण्यासाठी निराळी यंत्रणा उभारावी लागते. स्वित्झर्लंडमधील युर्ग चोप यांच्या गटाने २००२ मध्ये तिला इन्फ्लमासोम हे नाव दिले.

तिच्या प्रकारांपैकी एनएलआरपी-३ हा सर्वांत अभ्यासला गेलेला. गाउटमध्ये सांध्यात साठणारे युरिक आम्लाचे स्फटिक, धमनीच्या भित्तीतील कोलेस्टेरॉलचे स्फटिक, जिवाणूंची विषे, पेशीतून पोटॅशियम बाहेर जाणे, अशा परस्परांशी संबंध नसलेल्या गोष्टी त्याला जागे करतात. मग कॅस्पेज-१ हे विकर सक्रिय होते, इंटरल्युकिन-१ बीटाला कापून कार्यक्षम बनवते, आणि गॅस्डर्मिन-डी नावाच्या प्रथिनालाही कापते. त्या प्रथिनाचे तुकडे पेशीपटलात छिद्रे पाडतात. इंटरल्युकिन-१ बीटा बाहेर पडते ते या छिद्रांतून, आणि छिद्रे फार झाली तर पेशी फुटूनच जाते.

२०११ मध्ये चोप यांच्याच गटाने दाखवले, की बिघडलेल्या तंतुकणिका पेशीत साठून राहिल्या तर एनएलआरपी-३ जागे होते. त्यामागे तंतुकणिकेतील ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू आहेत, असे त्या वेळी मानले गेले. नंतरच्या कामातून तंतुकणिकेतून निसटलेले ऑक्सिडीकृत डीएनए आणि तिच्या आतल्या पटलातले कार्डिओलिपिन हेही दावेदार पुढे आले. २०२२ मधील प्रयोगांत मात्र श्वसनसाखळीच्या जागी क्रियाशील रेणू न बनवणारी पर्यायी विकरे घातली, तरीही इन्फ्लमासोम चालू झाले. त्या संशोधकांच्या मते तेथे गरज होती ती एटीपीची. या क्षेत्रात मते अजून स्थिरावलेली नाहीत, आणि एकाच रेणूला कारण ठरवून मोकळे होणारे लेख जपूनच वाचावेत.

तंतुकणिका मूळची जिवाणू होती, याचा येथे काही संबंध येतो का?

फार जवळचा येतो. प्राचीन काळी एका पेशीच्या आत राहू लागलेल्या जिवाणूपासून तंतुकणिका आल्या, ही मांडणी लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये जोरकसपणे केली आणि पुढे ती सर्वमान्य झाली. त्या वंशाच्या खुणा आजही शिल्लक आहेत. मानवी तंतुकणिकेचे डीएनए जिवाणूंच्या डीएनएप्रमाणे वर्तुळाकार असून त्यात १६,५६९ आधारजोड्या आणि ३७ जनुके आहेत. तिच्यात बनणाऱ्या १३ प्रथिनांची सुरुवात जिवाणूंच्या प्रथिनांसारखीच फॉर्मिल गट लागलेल्या मेथिओनीनने होते.

आपली प्रतिकारशक्ती याच खुणांवरून जिवाणू ओळखायला शिकली आहे. तंतुकणिका शाबूत असेपर्यंत या खुणा आतच झाकलेल्या राहतात. द्रुतगती मार्गावरच्या अपघातात मांडीचे हाड मोडून स्नायू चिरडले गेले, तर फुटलेल्या पेशींतून तंतुकणिकांचे अवशेष रक्तात मिसळतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात गंभीर जखमींच्या रक्तात तंतुकणिकांचे डीएनए मोठ्या प्रमाणावर आढळले, आणि त्यातील डीएनए टीएलआर-९ या ग्राहीद्वारे व फॉर्मिल गट असलेली प्रथिनांशे दुसऱ्या एका ग्राहीद्वारे न्यूट्रोफिल पेशींना चिथावतात असे दिसले. जंतुसंसर्ग कोठेच सापडत नाही, तरी ताप, जलद नाडी आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी दिसतात, अशा रुग्णांचे कोडे यामुळे काही अंशी सुटले.

हे डीएनए पेशीच्या आतच पेशीद्रवात गळले, तर सी-गॅस हे प्रथिन त्याला पकडते आणि स्टिंग या दुसऱ्या प्रथिनामार्फत इंटरफेरॉनचा स्राव सुरू करते. ल्यूपस या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या, आजारात इंटरफेरॉनची जी सततची वाढ दिसते, तिच्यामागील एक संशयित हाच मार्ग आहे.

पावसाळ्यातल्या डेंग्यू आणि फ्लूच्या तापाशी तंतुकणिकांचा काय संबंध?

विषाणूचे आरएनए पेशीत शिरले, की रिग-आय नावाचे प्रथिन ते ओळखते आणि मॅव्हस या प्रथिनाकडे निरोप पोहोचवते. मॅव्हसचा शोध २००५ मध्ये चार गटांनी स्वतंत्रपणे लावला, आणि ते तंतुकणिकेच्या बाह्य पटलावर बसलेले असते हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटले. तेथे त्याचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या बनवतात आणि इंटरफेरॉन व इतर सायटोकाइन सोडण्याचा आदेश निघतो.

विषाणूंनाही हे ठिकाण ठाऊक असल्यासारखे त्यांचे वागणे आहे. हेपॅटायटिस-सी विषाणूचे विकर मॅव्हसला तंतुकणिकेपासून कापून वेगळे करते. पुणेकरांना दर पावसाळ्यानंतर भेडसावणाऱ्या डेंग्यूच्या विषाणूचे विकर मानवी स्टिंग प्रथिन कापते, म्हणजे तंतुकणिकेचे डीएनए गळले तरी त्याची वर्दी पुढे जाऊ नये अशी तजवीज करते. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून पुण्यात सुरू झालेली आणि १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखली जाणारी संस्था आपल्याच शहरात असल्यामुळे, विद्यार्थ्यांनी विषाणू आणि प्रतिकारशक्ती यांचा हा संबंध आवर्जून वाचावा.

न्यूट्रोफिल पेशींत तंतुकणिका फारच कमी असतात. मग त्यांचे कसे चालते?

न्यूट्रोफिल मुख्यतः ग्लुकोजच्या विघटनावरच जगतात. तरीही त्यांच्यातल्या थोड्या तंतुकणिका त्यांची हालचाल आणि त्यांचा मृत्यू यांवर परिणाम करतात. ल्यूपसच्या रुग्णांच्या न्यूट्रोफिल पेशी जंतू पकडण्यासाठी जी डीएनएची जाळी बाहेर फेकतात, तिच्यात तंतुकणिकांचे ऑक्सिडीकृत डीएनए आढळले आहे.

बिघडलेल्या तंतुकणिकांचे पेशी काय करते?

त्यांना गुंडाळून लयकारिकेकडे पाठवते आणि तेथे त्या पचवल्या जातात. पटलावरचा विद्युतदाब उतरला, की पिंक-१ हे प्रथिन त्या तंतुकणिकेच्या बाहेर साठते, पार्किन या दुसऱ्या प्रथिनाला बोलावते, आणि तिच्यावर नष्ट करण्याची खूण चढते. या दोन्ही जनुकांतील दोषांमुळे तरुण वयात पार्किन्सनचा आजार होऊ शकतो. २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की पिंक-१ किंवा पार्किन नसताना व्यायामाचा मोठा ताण दिला तर दाह वाढतो, आणि स्टिंग काढून टाकले तर तो वाढत नाही.

तंतुकणिकांमुळे दाह वाढला आहे का, हे तपासता येते का?

नेहमीच्या प्रयोगशाळेत नाही. रक्ताच्या तपासणीत दिसणारे सीआरपी हे इंटरल्युकिन-६च्या सांगण्यावरून यकृताने बनवलेले प्रथिन आहे, आणि ईएसआर म्हणजे लाल पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात याचे माप. दोन्ही दाह आहे एवढे सांगतात. तो कोणत्या पेशीत आणि कोणत्या कारणाने सुरू झाला हे सांगत नाहीत. विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संशोधन संस्थांत पेशींचा ऑक्सिजन वापरण्याचा वेग किंवा पटलाचा विद्युतदाब मोजण्याची तंत्रे वापरली जातात, पण ती संशोधनाची साधने आहेत, रुग्णाच्या अहवालात येणारे आकडे नव्हेत.

‘तंतुकणिकांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या घ्याव्यात का?

को-एन्झाइम क्यू-१० हा श्वसनसाखळीचा खरोखरीचा घटक आहे, आणि ते शरीरात न बनण्याच्या दुर्मीळ आनुवंशिक विकारांत त्याचा उपयोग होतो. तेवढ्यावरून निरोगी माणसाची ‘इम्युनिटी’ वाढते असे म्हणणे म्हणजे बादरायण संबंध जोडणे होय. ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू हे सरसकट शत्रू नाहीत. जिवाणू मारण्यासाठी आणि पेशीतील संदेशांसाठी ते लागतात. मेटफॉर्मिन श्वसनसाखळीच्या पहिल्या संकुलाला सौम्यपणे रोखते आणि प्रयोगशाळेत मॅक्रोफेजमधील इंटरल्युकिन-१ बीटा घटवते हे खरे आहे, पण ते मधुमेहाचे औषध आहे आणि त्यासाठीच डॉक्टर देतात.

व्यायामाने फरक पडतो का?

स्नायूंत नक्कीच पडतो. जॉन होलोझी यांनी १९६७ मध्ये पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत तंतुकणिकांची विकरे सुमारे दुप्पट झालेली दाखवली. पर्वती रोज चढणाऱ्यांनी एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे: काम करणारा स्नायू स्वतःच इंटरल्युकिन-६ सोडतो, आणि त्या प्रसंगी तोच रेणू दाह शमवणाऱ्या इंटरल्युकिन-१०ची वाढ घडवतो.

या माहितीवर आधारलेली औषधे आहेत का?

तंतुकणिकेच्या पुढच्या टप्प्यांवर काम करणारी आहेत. गाउटमध्ये दिले जाणारे कोल्चिसीन पेशीतील सूक्ष्मनलिका मोडते, ज्यांच्या आधारे तंतुकणिकांसह अनेक अंगके हलतात. ॲनाकिन्रा आणि कॅनाकिनुमॅब ही औषधे इंटरल्युकिन-१चा मार्ग अडवतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅन्टोस चाचणीत, पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांपैकी १५० मिलिग्रॅम कॅनाकिनुमॅब मिळालेल्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू १५ टक्क्यांनी कमी झाले. त्याच वेळी जीवघेणे संसर्ग औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. क्रेब्स चक्राशी थेट नाते सांगणारे औषध म्हणजे डायमिथाइल फ्युमरेट. ते चक्रातल्या फ्युमरेटपासून बनवलेले असून इटॅकोनेटप्रमाणेच एनआरएफ-२ला मोकळे करते, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस व सोरायसिसमध्ये वापरले जाते. ते घेणाऱ्यांच्या रक्तातील लिम्फोसाइट पेशी घटू शकतात, म्हणून उपचार चालू असेपर्यंत त्यांची मोजणी ठरावीक काळाने करून घ्यावी लागते.